थुंका, पण चिंच आठवू नका

मुळावकर साहेबांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "बर्फ हाये का?" दुसरं होतं, "जरा थुंकता का?"

आदिलाबादेत मोठ्या दवाखान्यासमोर माझं बर्फ, लस्सी आणि कुल्फीचं दुकान होतं. आमचा जिल्हा तेव्हा आंध्रात होता आणि माझं वजन आजच्या निम्मं होतं. यातलं काही बदलेल असं कुणाला वाटत नव्हतं. शेजारचा गाळा बरेच दिवस रिकामा पडला होता. एका सकाळी त्यावर पाटी चढली, 'मुळावकर लॅबोरेटरी. रक्त, लघवी, थुंकी तपासून मिळेल.' दुपारी पाटीचा मालक माझ्यापुढे हजर. उंच, हडकुळा, चष्म्याच्या दांडीला दोरा, आणि आमच्याकडे माणसं जिथे ताईत बांधतात तिथे, म्हणजे गळ्यात, शाळेच्या शर्यतीत वापरतात तसलं स्टॉपवॉच.

नवा शेजारी आहे, खूश करावा, म्हणून मी वळून नालीत एक लांब पिचकारी मारली. तेव्हा माझा नेम चांगला होता.

"वाया घालवली ना," ते हळहळले. "नालीत काऊन थुंकता? ह्या बाटलीत थुंका. अन् तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला असंल तर आज नका थुंकू. उद्या या."

"पण मले झालं काय?" मी घाबरलो.

"काईच नाई. म्हणूनच तर पायजे. ह्या दवाखान्यासमोर काई न झालेला माणूस मिळूनच नाई राह्यला."

त्या दिवसापासून मी त्यांचा अधिकृत 'काही न झालेला माणूस' झालो. ते मला बर्फशेठ म्हणत, मी त्यांना साहेब. त्यांचं शिक्षण कुठे झालं, लग्न का केलं नाही, हे मला आजही ठाऊक नाही. इतकी वर्षं शेजारी राहून मी विचारलं कसं नाही, असं बायको म्हणते. पण साहेबांशी बोलताना प्रश्न सगळे त्यांचेच असत. लस्सीतला बर्फ किती वेळात विरघळतो? सावलीत किती, उन्हात किती? एक गिलास रिचवायला गिऱ्हाईक किती वेळा गिळतं? मी म्हणायचो, "असंल आठ-दहा वेळा." की लगेच त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "अंदाज नको, मोजा." मग आम्ही मोजायचो. समोर माणूस उभा राहिला की लोक त्याच्या डोळ्यांत बघतात. साहेब त्याच्या कंठाकडे बघत. माझी काही बुजरी गिऱ्हाइकं त्यामुळे कायमची तुटली.

ही मोजायची खोड कुठून आली ते मला भीमपूरकडे गेल्यावर कळलं.

साहेबांना सायकलच्या पुढचं कुठलं वाहन चालवता येत नव्हतं. माझ्याकडे लुना होती. भीमपूरच्या पुढे, जिथे शेताचा एक बांध महाराष्ट्रात आणि दुसरा आमच्यात, अशा एका खेड्यात त्यांची थोरली बहीण राहायची. तिला सगळे माई म्हणत. साहेबांची आई लवकर गेली, माईनंच त्यांना वाढवलं. आम्ही पोचलो तेव्हा ती ओट्यावर बसली होती. मांडीवर हात, आणि हाताचा अंगठा दोन बोटांवरून हळूहळू फिरत होता. आमच्या कापसाच्या मुलखातल्या कुणालाही ते पाहून एकच वाटेल. मलाही तेच वाटलं. मी भक्तिभावानं म्हणालो, "माई, देवासाठी वाती वळून राह्यल्या वाटते?"

माईची सून शांता आत निघून गेली. साहेब माझ्याकडे पाहत राहिले, आणि मग माई स्वतःच हसली. "वळून राह्यलो ना बापा. कापूस तेवढा नाई."

परतताना लुनावर मागे बसून साहेबांनी माझ्या कानात सगळं सांगितलं. माईचा अंगठा फिरायला लागला तेव्हा गावाला कौतुक वाटलं. पुण्यवान बाई, हात रिकामा असला तरी वात वळते! एकादशीला बायका तिच्या पाया पडायच्या. मग तिची पावलं घसटू लागली, चेहरा हलेना, तोंडातून लाळ गळू लागली, तेव्हा त्याच बायका भानामती म्हणू लागल्या. लिंबू झाले, कोंबडं झालं. शेवटी साहेबांनी तिला नागपूरला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तिला दारातून खुर्चीपर्यंत येताना पाहिलं आणि ती बसायच्या आत सांगितलं. कंपवात. पार्किन्सन म्हणतात तो.

"गोळ्या सुरू झाल्या अन् महिन्याभरात माई हातानं जेवली," साहेब म्हणाले. "चार वर्षं गेली, शेठ. चार वर्षं आमी तिच्या पाया पडून राह्यलो होतो, अन् बोटात वात नव्हतीच."

लुनाला चढ लागला म्हणून ते उतरून चालू लागले. चालता चालता म्हणाले, "हात हालाच्या आधी कुठंतरी काई दिसत असंलच ना? रक्तात डॉक्टरलोक पाहतेत. मी म्हणतो, थुंकीत पाहू. तोंड बिघडते ना ह्या आजारात? मंग तोंडातल्या पाण्यात काई ना काई खूण पडत असंल. खूण सापडली तर दुसऱ्या कोणाच्या माईचे चार वर्षं वाचतील."

असा तो शोध. नागपूर नाही, हैद्राबाद नाही. माझ्या कुल्फीच्या दुकानाशेजारी, दहा बाय बाराच्या गाळ्यात.

त्यांची रीत सांगतो, सोपी आहे. साबुदाण्याची पातळ खळ करायची. खळीत आयोडिनचा थेंब टाकला की निळा रंग येतो. थुंकी खळ खाते, म्हणून तर भाकर चावत राहिलं की गोड लागते. तर खळीत थुंकी मिसळायची आणि दर अर्ध्या मिनिटाला त्यातला एक थेंब खळगे असलेल्या पांढऱ्या चिनीमातीच्या पाटीवर घेऊन आयोडिन टाकायचं. निळा, निळा, जांभळट, तांबूस, आणि मग रंग नाहीच. रंग यायचा थांबला की स्टॉपवॉच थांबवायचं. आजाऱ्याची थुंकी किती वेळ घेते, निरोगी माणसाची किती, हे ताडून बघायचं. शिवाय दहा मिनिटांत थुंकी जमते किती, दाट किती, आंबट किती, हेही वहीत. आजाऱ्याला जोडीदार लागायचा. त्याच वयाचा, त्याच गावचा, शक्यतो त्याच घरची भाकर खाणारा.

थुंकण्याचेही नियम होते. खर्रा नाही, मिश्री नाही, खाकरायचं नाही. मान खाली, ओठ उघडे, थेंब आपसूक पडू द्यायचा. आणि चिंच आठवायची नाही. "मागून आणलेलं पाणी येगळं अन् आपसूक आलेलं येगळं," ते बजावत. चिंच आठवू नका असं सांगितल्यावर माणसाला दुसरं काय आठवणार? मला तर आजही त्यांची आठवण आली की तोंडाला पाणी सुटतं, आणि ते दुःखाचं नसतं.

खूण लवकर सापडली नाही, पण वाटेत दुसरंच सापडलं. माईची लाळ गळायची म्हणून सगळ्यांना वाटे, तिला लाळ फार सुटते. साहेबांनी मोजलं. माझी दहा मिनिटांची बाटली आणि माईची बाटली शेजारी ठेवली. माईची निम्मीसुद्धा भरली नव्हती.

"शेठ, लाळ जास्त नाईच हाये!" साहेब बाटलीकडे असे बघत होते, जणू ती बोलली. "ही गिळतच नाई. गिळायचं इसरते."

मग त्यांनी माईच्या कंठाकडे बघत अख्खी दुपार काढली, वहीत रेघा ओढल्या, आणि संध्याकाळी तिच्या हातात तुळशीची माळ दिली. "एक मणी, एक आवंढा. मणी सरकला का गिळायचं." माई म्हणाली, "अन् देवाचं नाव?" साहेब म्हणाले, "ते गिळून झाल्यावर." त्या दिवाळीनंतर भाचीच्या लग्नात माई कित्येक वर्षांनी पंगतीत बसली. पदर कोरडा होता. वाढणाऱ्यांना वाटलं, म्हातारी जप करते आहे.

आता माझ्या धंद्याचं कसं वाटोळं झालं ते. साहेबांचा फ्रीज जुना, वीज लहरी. खेड्यांतून आणलेल्या बाटल्या थंड ठेवायला जागा नव्हती. मी उदार मनानं म्हणालो, माझ्या बर्फाच्या पेटीत ठेवा. बाटल्या बंद, वर प्लास्टिक, खाली कुल्फीचे साचे. कुठे काय लागतंय कुणाला? दवाखान्यातला राजन्ना कंपाउंडर एका दुपारी कुल्फी घ्यायला आला. मी गल्ल्यावर होतो म्हणून म्हणालो, "तूच काढून घे." त्यानं पेटीत हात घातला आणि बाटली काढली. तिच्यावर साहेबांच्या ठळक, ज्वारीच्या दाण्याएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'थुंकी. ताजी.'

राजन्ना मराठी, तेलुगू, हिंदी तिन्ही भाषांत ओरडला. संध्याकाळपर्यंत ही बातमी उटनूरच्या बसमध्ये बसून रवाना झाली होती. ऐन उन्हाळ्यात माझ्या दुकानापुढे कुत्रं फिरकेना.

साहेबांना फार वाईट वाटलं. त्यांनी त्यावर त्यांच्या पद्धतीचा उपाय काढला. रोज चार वाजता, दवाखान्याची भेटीची वेळ, ते दुकानापुढे स्टूल टाकून बसत आणि सगळ्यांदेखत दोन कुल्फ्या खात. घड्याळ लावून. तेरा दिवस खाल्ल्या. चौदाव्या दिवशी त्यांचा घसा असा बसला की आवाज फुटेना, आणि राजन्नानं गावभर सांगितलं, "देखो, मैं बोला था ना?"

बाटल्या त्यांच्या गाळ्यात परत गेल्या. तिथे वीज गेली की असा काही वास सुटायचा की मी दाराशीच नाक धरायचो आणि रोज दोन उदबत्त्या लावून जायचो. साहेब मात्र आत शांतपणे थेंब मोजत बसलेले. लोक म्हणत, याला म्हणतात साधना. मीच सर्वांत मोठ्यानं म्हणायचो.

पाच-सहा वर्षं अशी गेली. आकडे कधी इकडे झुकत, कधी तिकडे. साहेबांना शंका आली की उन्हाळा-हिवाळ्याच्या बाटल्या एकत्र झाल्यात, आयोडिन जुनं झालंय. म्हणाले, सगळं पहिल्यापासून. नवं आयोडिन, एकच आठवडा, तीन आजारी, तीन जोडीदार. आजारी तिघे नेरडीगोंड्याच्या बाजूचे होते. त्यातले एक निवृत्त मास्तर. त्यांची सही इतकी बारीक झाली होती की कचेरीतला कारकून म्हणाला, ही तुमची नव्हेच. दरखास्त परत. आजाऱ्यांच्या बाटल्या साहेबांनी स्वतः आणल्या. पण मलेरियाचे दिवस, गाळ्यासमोर रांग, म्हणून जोडीदारांच्या बाटल्या आणायला मला पाठवलं. तीन कोऱ्या बाटल्यांवर त्यांनी तिघांची नावं लिहून दिली. मी डोळ्यांपाशी नेऊन वाचली आणि म्हणालो, "साहेब, शाई महाग झाली का? नावं अशी काटकसरीनं लिहिली ते?"

"नीट दिसते की," ते म्हणाले.

मी गेलो. पहिला म्हातारा म्हणाला, "थुंकी तपासली का टीबी निघते. माह्या नातीची सोयरीक जमली हाये. तुमी चाला." दुसऱ्यानं उत्साहानं छातीच्या तळातून असा बेडका काढून दिला की बाटली धरवेना. आमच्याकडे थुंकी तपासणं म्हणजे टीबीच. माणूस तयार झाला तरी खाकरतोच. तिसरा कबूल होता, पण त्याच्या गालातला खर्रा बहुधा निजामाच्या काळापासून तिथेच होता. "हा थुकला का माह्या जीव जाते," म्हणाला.

दुपारचं ऊन, हमरस्त्यावर ट्रकांची धूळ, आणि हातात तीन रिकाम्या बाटल्या. मी रस्त्याकडेच्या एका झाडाखाली बसलो. झाड चिंचेचं होतं. कोवळा पाला हाताशी होता. मी सहज दोन पानं तोंडात टाकली, आणि तिथे मला ती कल्पना सुचली. काही न झालेला माणूस तर मी अधिकृतच होतो! अर्ध्या तासात तिन्ही बाटल्या भरल्या. इतक्या कमी श्रमात इतकं मोठं काम आपल्या हातून झालं याचा मला घरी पोचेपर्यंत अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी साहेब अनवाणी माझ्या दुकानात शिरले.

"शेठ, दिसलं! दिसलं! तिघं निरोगी, तिघांचा रंग भराभरा गेला. आजाऱ्यांचा जाता जात नाई. इतका सरळ फरक!" त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून हलवले. मग दवाखान्याच्या रांगेतल्या सगळ्यांना कुल्फी द्या म्हणाले. मी ती फुकट वाटली. त्यांना वाटलं, मला आनंद झालाय.

सांगायचं म्हणून मी चार वेळा तोंड उघडलं. चारही वेळा त्यांनी माझ्या कंठाकडे पाहिलं आणि मी आवंढा गिळला. त्याच संध्याकाळी त्यांनी नागपूरच्या डॉक्टरांना पत्र टाकलं.

आणि मग साहेब गप्प झाले. मला वाटलं, दमले असतील. तिसऱ्या दिवशी त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच काढून माझ्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. "राहू द्या तुमच्याकडं. मोजून झालं." पाचव्या दिवशी मायक्रोस्कोप कुणी घेईल का म्हणून विचारलं. सातव्या दिवशी शांताला बोलावून माईच्या गोळ्यांच्या वेळा तीन-तीनदा पाठ करून घेतल्या. मला राहवलं नाही. आठव्या दिवशी मी गाळ्यात जाऊन विचारलं, "साहेब, खूण सापडली अन् तुमी सुतकात काऊन?"

त्यांनी फळीवरून एक बाटली काढली. तिच्यावर नाव नव्हतं.

"ही सातवी. सहांच्या संगं तपासली."

"कोणाची?"

"माही." त्यांनी ती आजाऱ्यांच्या तीन बाटल्यांशेजारी ठेवली. "हिचा रंगही जाता जात नाई. ही ह्या बाजूला बसते, शेठ. मी माईचाच भाऊ हाये ना? इतक्या वर्षांचा शोध मी काय फक्त दुसऱ्याच्या माईसाठी करत होतो?"

मी त्यांच्या स्टुलावर बसलो.

"साहेब, त्या तिन्ही माझ्या हायेत."

"कोण्या तिन्ही?"

"निरोगी. तिन्ही म्या भरल्या. चिंचेचा पाला खाऊन."

ते उठले, माझ्या दुकानात गेले, खिळ्यावरचं स्टॉपवॉच घेऊन आले आणि गळ्यात घातलं. मला वाटलं, आता मार. आणि किती वेळ मारायचं तेही मोजणार. ते माझ्यासमोर उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"आठ दिवस, शेठ," ते म्हणाले. "आठ दिवस तुमी मले मारून ठेवलं होतं."

मी मान खाली घातली. मग वरून एक विचित्र आवाज आला. साहेब हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"तीन नावं अन् एकच तोंड! तरीच म्हटलं, तिघा म्हाताऱ्यांची वेळ इतकी जुळते कशी? मले वाटलं निसर्गच शिस्तीचा! अन् थुंकी काय ताकदीची, बापा. खळीवर वाघासारखी पडते!"

मग त्यांनी नागपूरला दुसरं पत्र लिहिलं. त्यात पहिलं पत्र मागे घेतलं, आणि का, तेही चिंचेच्या झाडासकट. मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि टपालपेटीत टाकायलाही मलाच पाठवलं. माझ्या निरोगीपणाची कीर्ती अशी नागपूरपर्यंत गेली. नंतर ते स्वतः नेरडीगोंड्याकडे गेले. पहिल्या म्हाताऱ्याची समजूत घालायला नातीच्या सासरी जाऊन आले, तिसऱ्याजवळ खर्रा सुटायची वाट बघत दोन दिवस बसले. सात खऱ्या बाटल्या तपासल्या. साती सरमिसळ. वहीत त्यांनी लिहिलं, 'फरक दिसला नाही', आणि खाली रेघ ओढली.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"काऊन? नाई दिसलं, हे तर दिसलं ना. आता पुढं काय मोजायचं ते पाहू."

खूण शेवटी सापडली, पण दोन वर्षांनी, आणि चुना लावताना. गाळ्याला रंग द्यायचा होता म्हणून आम्ही फळ्या रिकाम्या केल्या. साहेबांनी पहिल्यापासूनच्या सगळ्या बाटल्या धुऊन, चिठ्ठ्यांसकट जपून ठेवल्या होत्या. मी त्या माझ्या कुल्फीच्या पेटीवर उन्हात मांडल्या. जुनी पहिली, नवी शेवटी. आणि मांडून झाल्यावर दोन पावलं मागे सरलो.

पहिल्या बाटलीवरचं नाव मला तिथून वाचता येत होतं. मधल्यांसाठी वाकावं लागलं. शेवटच्या बाटल्यांवर कुणी खसखस सांडल्यासारखं दिसत होतं. अक्षरं बाटलीमागून बाटली बारीक होत गेली होती.

मी सवयीनं ओरडलो, "साहेब, या, पाहा! तुमची अक्षरं लांब चालली…" आणि तिथेच माझी जीभ अडकली. कारण मला नेरडीगोंड्याचे मास्तर आठवले. त्यांची परत आलेली सही आठवली. आणि शाई महाग झाली का, असं विचारणारा मी आठवलो.

साहेब हात पुसत आले. ओळीवरून एकदा नजर फिरवली. मी म्हणणार होतो की घाईत लिहिली असतील, वय झालं, चष्मा जुना. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"अंदाज नको, शेठ. पट्टी आणा."

त्या दुपारी आम्ही प्रत्येक चिठ्ठीवरच्या 'थुंकी'तल्या 'थ'ची उंची पट्टीनं मोजली. मी आकडे लिहीत होतो. माझ्या अक्षरात, म्हणजे म्हशीएवढ्या. माझा हात थरथरत होता, त्यांचा नव्हता. आणि एक सांगितलं तर खोटं वाटेल, साहेब रंगात आले होते. पहिल्या बाटलीनंतर इतक्या वर्षांत त्यांना मी इतकं रंगात पाहिलं नव्हतं. "लिहा, लिहा. पुढची? हं. पाहा, इथून उतरायला लागलं. इतक्या आधीपासून! अन् आपण झाकण उघडून आत पाहत बसलो."

मग एकदम थांबून म्हणाले, "शेठ, माह्या गाळ्यात वास येते का?"

"वास? साहेब, रोज दोन उदबत्त्या मी काय तुमच्या साधनेला लावून राह्यलो?"

"मले येत नाई."

"कवापासून?"

"आता कसं सांगू? जे येतच नाई, ते कवापासून येत नाई हे माणसाले कसं कळंल?"

दुसऱ्या दिवशी पिशवीत बाटल्या खुळखुळवत ते नागपूरच्या बसमध्ये बसले. परतले तेव्हा जवळ गोळ्या होत्या. डॉक्टरांनीही आधी वासाचंच विचारलं म्हणे, ह्या आजारात तो हात हलायच्या कितीतरी आधी जातो, आणि चिठ्ठ्यांची ओळ टेबलावर मांडून आपल्या हाताखालच्या पोरांना बोलावून दाखवली. साहेबांचा अंगठा तेव्हा कुठे खिशात अधूनमधून फिरायला लागला होता. कुणी पाया पडायच्या आत कळलं होतं. माईची गेली ती चार वर्षं साहेबांची गेली नाहीत. थुंकीनं मात्र शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही.

पुढे काही वर्षांनी त्यांनी गाळा सोडला आणि माईकडे राहायला गेले. मी शेवटचा भेटलो तो तिथेच, भीमपूरच्या पुढल्या त्या ओट्यावर. बहीणभाऊ शेजारी शेजारी बसले होते. दोघांच्या हातात माळ. साहेब मला बघून उठायला लागले, तर माई डाफरली, "रंग्या, मणी सरकला. आवंढा गिळ आधी." रंगनाथ मुळावकर निमूटपणे गिळून मग हसले. चेहरा फारसा हलला नाही, पण मला कळलं.

शांतानं आम्हाला भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. जेवून तासभर झाल्यावर साहेब म्हणाले, "बाटल्या आणल्या?"

त्यांनी पत्र टाकून मागवल्या होत्या. पत्र वाचायला मला भिंग लागलं होतं. मी दोन बाटल्या पुढे केल्या.

"लिहा. माह्या हातचं आता मुंग्याही वाचत नाईत. मोठं काढा. रंगनाथ मुळावकर. आजारी."

मी लिहिलं.

"आता दुसरीवर तुमचं नाव."

"माझं?"

"जोडीदार लागते ना? एका घरची भाकर तर आत्ताच खाल्ली. अन् शेठ, ह्या बाटलीत एकाच माणसाची असली पायजे. ज्याचं नाव, त्याचीच."

मी माझं नाव घातलं. इतक्या वर्षांत माझी थुंकी पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं जाणार होती. आम्ही दोघं ओट्याच्या कडेला बसलो. मान खाली, ओठ उघडे, हातात बाटली. त्यांच्या दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांवरून हळूहळू फिरत होता, आणि त्याच हातात स्टॉपवॉच होतं, त्यामुळे तेही हलत होतं. ओट्यासमोर अंगणाच्या टोकाला एक जुनं झाड होतं, फळांनी लगडलेलं. मी मघापासून त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो.

"शेठ," मान वर न करता साहेब म्हणाले, "झाडाकडं पाहू नका."

आणि त्यांनी घड्याळ दाबलं.